जावयाचं कपाट

शकू, माझी थोरली लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ते साल एकोणीसशे ब्याण्णव. दिवाळी सरली होती, तुळशीची लग्नं लागायची होती. सकाळी मी दारात ढोलाच्या दोऱ्या ओढत बसलो होतो आणि आतून जावई ओरडले, "मामा, इकडं या. बोर्डाला परत कुणीतरी हात लावलाय."

मी आत गेलो. अंकुशराव जमिनीवर मांडी घालून बसले होते. डोळे लाल. एका हाताने त्यांनी हार्मोनियमची काळी पाच दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने आपल्या बोर्डाचं बटण दाबलं. दोन सूर एकमेकांना घासले. दोन मांजरं एका पोत्यात घालावीत तसा आवाज झाला.

"काल सकाळी मी लावला तेव्हा हे दोन्ही सूर एक होते. होते का नव्हते?"

"होते."

"थोरले मामा पण होते. 'झकास लावलाय जावईबापू' म्हणाले. म्हणाले का नाही?"

"म्हणाला."

"मग हे कुणी केलं?"

आमचा नऊ-दहा माणसांचा बँड. आटपाडीपासून पार दिघंची, खरसुंडीपर्यंत लग्नं आमच्याकडे असायची. माझा थोरला भाऊ ज्ञानोबा, म्हणजे जावयांचे थोरले मामा, क्लॅरिनेट वाजवायचा, बँडचा मास्तर तोच. मी त्याला दादा म्हणायचो, बाकी सगळा तालुका ज्ञानू मास्तर म्हणायचा. मी ढोलावर. पण त्या दोन-तीन वर्षांत वराती बदलल्या. नवरदेवाचे मित्र सुपारी देताना पहिला प्रश्न विचारायचे, "बीन हाय का?" बीन म्हणजे नागासारखं डोलायला लावणारा आवाज. तो कीबोर्डवर निघतो. विट्याच्या एका बँडवाल्याने बाहेरच्या देशातला कीबोर्ड आणला आणि आमची लग्नं एकेक करून तिकडे जायला लागली.

अंकुशराव सांगोल्यात रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी स्वतःच्या हाताने एक सिंथेसायझर बनवला होता. दुकानात मिळतो तसा एकसंध नव्हे. लाकडी खोक्यात खण पाडलेले आणि प्रत्येक खणात एक बोर्ड. एक बोर्ड आवाज उठवतो, दुसरा त्याची धार मारतो, तिसरा तो आवाज हळू सोडायचा की दणक्यात ते ठरवतो. बोर्ड एकमेकांना वायरींनी जोडायचे. वायर इकडची तिकडे केली की सनईची पुंगी होते. नवा आवाज पाहिजे असला तर नवा बोर्ड बनवून रिकाम्या खणात सरकवायचा. गल्लीतली माणसं त्याला कपाट म्हणायची. "जावयाचं कपाट आलं का?" म्हणून बघायला यायची.

शकूला सोडायला आले ते अंकुशराव कपाट घेऊनच आले. बीन आणि तिच्याखाली घुमणारा सूर काढायला त्यांना आणखी तीन बोर्ड करायचे होते. ते जमले तर दुकान इकडेच हलवायचं, असं त्यांच्या बोलण्यात होतं. म्हणजे शकू कायमची डोळ्यांसमोर राहणार. तिची आई त्या एका गोष्टीवर हवेत होती.

बोर्ड आम्ही मागच्या खोलीत बनवले. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी घ्यायची, राखेने घासून लखलखीत करायची. तिच्यावर बारीक काडीने ऑइलपेंटच्या रेघा ओढायच्या आणि ती पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात सोडायची. रंगाखालचं तांबं राहतं, उघडं तांबं विरघळून जातं. पाणी सारखं हलवत ठेवावं लागतं. ते काम माझं. "मामा, मशीन बसलंय तुमच्या मनगटात," अंकुशराव म्हणायचे. अक्षर मला चाळिशी उलटल्यावर लागलं, साक्षरतेच्या वर्गात. नवीन नवीन होतं, म्हणून बारक्या सुट्या भागांवरचे आकडे मी हौसेने मोठ्याने वाचून दाखवायचो आणि ते भोकात बसवून मागून कथील लावायचे. पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक बल्ब जोडायचा. कुठे चुकून तार तारेला चिकटली असली तर बल्ब भक्कन पेटतो आणि बोर्ड वाचतो.

आमचा बल्ब तिन्ही वेळा विझलेलाच राहिला. अंकुशरावांनी मला मिठी मारली. जावयाने सासऱ्याला मिठी मारलेली आमच्याकडे कुणी बघितली नव्हती. शकू तोंडाला पदर लावून हसत होती.

मग सूर लावायचा. प्रत्येक बोर्डावर एक बारका पितळी स्क्रू होता. तो केसभर फिरवला की सूर चढतो किंवा उतरतो. अंकुशरावांनी हार्मोनियमशी मिळवून तिन्ही बोर्ड लावले. दुसऱ्या दिवशी तिन्ही बोर्ड बिघडलेले. परत लावले. परत बिघडलेले.

पहिला संशय उन्हावर आला. खोलीला पत्रा होता आणि असले बोर्ड तापले की सूर सोडतात, असं अंकुशराव म्हणाले. त्यांनी पत्र्यावर ओली पोती टाकली. मग एक अख्खी सकाळ बोर्ड चालू ठेवून समोर बसून राहिले. सूर हलला नाही. दुपारी जेवायला उठले, डोळा लागला आणि चहाच्या वेळेला येऊन बघतात तर हललेला.

"समोर बसलं की हलत नाही. पाठ फिरली की हलतो," ते म्हणाले. "असलं ऊन मी बघितलेलं नाही."

दुसरा संशय माझ्या मनात आला, तो ईश्वरा जावीरवर. ईश्वरा आमचा कॉर्नेट वाजवणारा. हुशार, पण तोंडाचा फाटका. गेलं वर्षभर दादा त्याला चारचौघांत बोलायचा, "उतरतुयास ईश्वरा. फुकून फुकून छाती गेली का तुझी?" ईश्वरा गप्प ऐकायचा, पण त्याच्या मनात ते साठलं होतं. आणि विट्याचा तो बँडवाला स्टँडवर त्याच्याबरोबर दिसल्याचं मला कुणीतरी सांगितलं होतं.

मी त्याला ओढ्याकाठी गाठलं.

"ईश्वरा, विट्याच्या मालकाबरोबर च्या प्यालास म्हणं?"

"प्यालो की. त्यानं पाजला. तुम्ही पाजा, तुमचा बी पितो."

"काय इचारत हुता?"

"तुमच्या कपाटाला खण किती, ते इचारत हुता."

"मग?"

"मी म्हनलं, कपड्याचं कपाट हाय. खालच्या खणात मास्तरांच्या चड्ड्या असत्यात." तो हसला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "काय झालंय, शिवाकाका? माझ्यावर नजर ठिवाय लागलाय व्हय?"

मी नजर ओढ्याकडे वळवली. तो म्हणाला, "मास्तर म्हनत्यात मी उतरतो, तुम्ही म्हनताय मी चोर. बरं हाय." आणि निघून गेला. त्याचं खरं वाटलं, पण संशय गेला नाही. संशय एकदा घरात शिरला की चहाच्या कपातसुद्धा दिसतो.

रात्री जेवताना मी दादाला विचारलं, "दादा, ईश्वरानंच फिरवलं असंल का?"

"कुणाचं नाव घिऊ नगंस," दादा म्हणाला. "यंत्र हाय. हलतंय."

"पाव्हणं म्हणत्यात हलत न्हाई."

"पाव्हण्यांना म्हणू दे." आणि तो ताटात बघून भाकरी कुस्करायला लागला. मला ते खटकलं. दादाने असा विषय कधी सोडला नव्हता. माझ्या ढोलाची एक दोरी सैल झाली तर तो दोन दिवस तेवढंच बोलायचा.

अंकुशरावांचा संशय मात्र तोवर आमच्या अंगणात येऊन बसला होता. खोलीची किल्ली आमच्याच चौकटीच्या खिळ्याला असायची. ते माझ्याशी बोलायचे कमी झाले. पाणी हलवायला मला बोलवायचे बंद झाले. एका सकाळी शकू चुलीपुढे बसून डोळे पुसत होती.

"काय झालं ग?"

"ह्यांनी पिशवी भरायला सांगितली, आबा. म्हणत्यात, ह्या घरात कुणालातरी मी नको झालोय."

"आन तू?"

"तू बी चल म्हणत्यात."

तिला नववा लागला होता. सांगोल्याच्या घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, बाईमाणूस म्हणून कुणी नव्हतं. एसटीच्या धक्क्यांत तेवढा रस्ता, आणि पुढे एकटीने सगळं. तिची आई उंबऱ्यात बसून राहिली होती, तिच्याकडे माझ्याच्याने बघवेना.

मी अंकुशरावांपुढे जाऊन उभा राहिलो. "उद्याच्यापत्तूर थांबा. कोण हाय ते मी दावतो."

"तुम्हीच असला तर?" ते म्हणाले.

असं जावई सासऱ्याला म्हणाला.

युक्ती शकूने सांगितली. तिच्याकडे नखांना लावायचा लाल रंग होता. तो तिन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर थेंबथेंब लावायचा. वाळला की कडक होतो, स्क्रू फिरवला की तडकणार. अंकुशरावांनी सकाळी सूर लावला, शकूने थेंब लावले. माझं ठरलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. दुपारची जेवणं झाल्यावर मी त्या खोलीत गेलो. बँडचे लाल कोट दोरीवर ओळीने टांगलेले असायचे. त्यांच्यामागे ढोलावर बसलो. कोटांना डांबरगोळ्यांचा आणि जुन्या घामाचा वास होता. बाहेर घर झोपलं होतं.

दार हळू उघडलं. आत दादा आला.

त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. कपाटापुढे बसला आणि एका कानाचा हेडफोन उजव्या कानावर चढवला. टेलिफोन ऑफिसातून मोडीत निघालेला तो हेडफोन अंकुशरावांनी आणला होता, शकूची झोप मोडू नये म्हणून दुपारी त्यावरच ऐकायचं. मग दादाने खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. हार्मोनियमचा भाता हलकेच ओढला, काळी पाच दाबली, आणि डोळे मिटून स्क्रू फिरवला. लाल रंगाचा कपचा उडालेला मला बसल्या जागेवरून दिसला.

ईश्वरा असता तर मी धरून बाहेर ओढला असता. विट्याचा माणूस असता तरी चाललं असतं. ज्याने मला बोट धरून ढोल शिकवला, तो माझ्या लेकीचा संसार उधळायला बसला होता, असंच मला त्या घटकेला दिसलं.

मी कोट बाजूला केले. "दादा, काय करतुयास?"

तो दचकला, पण पळाला नाही. ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. दार लाव. पाव्हण्यांना कळंल."

"पाव्हण्यांना कळायला पायजेच! रोज तूच फिरवतुयास?"

"मग कोण फिरवणार?" तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघायला लागला. "शिवा, पोरगं हुशार हाय, पण त्येला सूर न्हाई रे. रोज उतरता लावतंय. आता जावयाला तोंडावर कसं सांगायचं, तुम्ही बेसूर हाय म्हणून? पयल्यांदाच मुक्कामाला आलेला पाव्हणा. म्हणून दुपारचं मी गपचिप नीट करून ठिवतो. त्येचा मान राहतो, बँडचा सूर राहतो."

मी खाली बसलो. मला हसू येत होतं आणि रडूही. कुणी चोर नव्हता, कुणी फितूर नव्हता. जावयाचा मान राखता राखता हे झालं होतं.

"आता लागला बघ," दादा म्हणाला आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ऐक, किती गोड मिळालाय."

मी तो कानाला लावला. हार्मोनियम वाजत होती. दोन मांजरं, एक पोतं.

आमच्या बँडची एक रीत होती. वाजवायला उभं राहण्याआधी दादा क्लॅरिनेटवर लांब सूर धरायचा आणि सगळ्यांनी आपलं वाद्य त्याला मिळवायचं. तो सूर बरोबर आहे का, हे कुणी विचारायचं नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून मास्तरचा कान हा शेवटचा. आणि मी तर ढोलवाला. मी स्वतःच्या कानावरच संशय घेतला.

"कसा हाय?"

"मला... मला घासल्यावानी वाटतंय, दादा."

"तुला कातडं कळतं, सूर न्हाई कळत. आण हिकडं."

मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. वायर तोकडी, मध्ये कपाट. त्याने हेडफोन माझ्याकडून ओढला आणि वायर ताणली म्हणून तसाच डाव्या कानाला धरला. हार्मोनियमची काळी पाच दाबली.

त्याचं तोंड बदललं.

"तू हात लावलास?"

"न्हाई."

"स्क्रूला हात लावलास का, शिवा?"

"तुझ्या म्होरं बसलोय दादा, कुठं लावू?"

तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी मी आठवडाभर सगळ्यांकडे बघत होतो. मग त्याने हेडफोन उजव्या कानाला लावला. थांबला. परत डाव्या कानाला. मग उजव्या. भात्यातली हवा संपली तरी बोट काळी पाचवरच होतं. मला काहीच समजत नव्हतं.

"एकच बोर्ड वाजतुय ना?" त्याने विचारलं.

"एकच."

"मला दोन ऐकू येत्यात." तो म्हणाला, "ह्या कानात एक, ह्या कानात एक. उजवा खाली उतरलाय."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. दादाने स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला.

"पाव्हण्यांचा नीट लागल्याला सूर रोज मीच मोडला. ईश्वराला बी वर्सभर शिव्या घातल्या मी," तो म्हणाला. मग उजव्या कानावर हात ठेवून माझ्याकडे बघून हसला. "तुझ्या ढोलाच्या अंगाचा कान हाय ह्यो. गिळलास बघ, भाड्या."

तीस-बत्तीस वर्षं प्रत्येक वरातीत मी त्याच्या उजव्या बाजूला चालत आलो होतो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"मास्तरचा कान गेला म्हटल्यावर उद्या कोण माझ्या सुराला सूर मिळवंल? तू बोलायचं न्हाईस. तुझ्या बायकूला बी सांगायचं न्हाई, पोरीला बी न्हाई."

"मग पाव्हण्यांना काय सांगू? उद्याच्याला त्ये शकूला घिऊन निघाल्यात. माझ्यावर आळ हाय, दादा."

त्याने जमिनीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलून खिशात घातला. "उद्या सगळ्यांना बोलीव," म्हणाला. "ईश्वराला पयला."

सकाळी बँडची सगळी माणसं अंगणात जमली. शकूची पिशवी दाराशी होती. अंकुशरावांनी तडकलेला लाल रंग बघितला होता आणि ते कुणाशी बोलत नव्हते. दादा आला तो लाल कोट घालून, क्लॅरिनेट घेऊन. लग्न नाही, कार्य नाही आणि कोट.

"जावईबापू," दादा म्हणाला, "बोर्ड मी फिरवत हुतो."

अंकुशराव उभेच राहिले. "तुम्ही?"

"मी. रोज."

"का पण?"

"परीक्षा बघत हुतो. मी बिघडवायचा आणि तुम्ही परत त्याच जागी आणता का, ते बघायचं हुतं. निस्ता तारांचा माणूस असता तर येगयेगळ्या जागी आणला असता. तुम्ही रोज हुबेहूब तिथंच आणलासा. कानाचा माणूस हायसा."

अंकुशरावांचा चेहरा लाल झाला. "आणि मी सगळ्यांवर संशय घेत बसलो! मामांना नको ते बोललो. शकूला रडवलं. असली कसली परीक्षा?"

"चुकलंच ते. माझ्या डोक्यावर घाला." दादाने हात जोडले. सगळ्या बँडपुढे मास्तरने हात जोडले. "म्हातारा माणूस, खोडी जात न्हाई."

अंकुशरावांनी ते हात धरून खाली केले. रागातच होते, पण धरले.

"आता लावा सूर," दादा म्हणाला.

अंकुशरावांनी स्क्रू फिरवून सूर लावला, एका भोकातली वायर काढून दुसऱ्या भोकात खुपसली, आणि कपाटातून काळी पाच निघाली, जाड आणि स्थिर. सगळे दादाकडे बघत होते. त्याने क्लॅरिनेट उचललं, डावा कान कपाटाकडे केला, आणि स्वतःचा सूर त्याला नेऊन मिळवला.

"हितून म्होरं ह्याच्यावर लावायचा," तो म्हणाला. "माझ्यावर न्हाई. ईश्वरा, वाजव."

ईश्वराने बिचकत कॉर्नेट लावला.

"बरोबर हाय," दादा म्हणाला. "पयल्यापासनंच बरोबर हाय तुझा."

ईश्वरा त्याच्याकडे बघतच राहिला. मग मला बारीक आवाजात म्हणाला, "मास्तरांना ताप-बिप हाय का, काका?"

शकूने पिशवी आत नेली. तुळशीच्या लग्नानंतर तिला मुलगी झाली. अंकुशरावांनी दुकान आटपाडीला आणलं आणि त्या हंगामात बीन आमचीच गाजली. पुढे कितीतरी वर्षं ते चारचौघांत ही गोष्ट सांगायचे, मास्तरांनी माझी कशी परीक्षा घेतली आणि मी कसा पास झालो. दादा तिथे असला तर मान हलवायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. मीही कधी मध्ये बोललो नाही. आता बोललो तरी कुणाचा मान जाणार नाही.

माझा थोरला भाऊ ज्ञानोबा एकोणीसशे नव्याण्णवच्या पौषात वारला. अंकुशराव दोन हजार एकवीसच्या चैत्रात वारले.